मिसळणाच्या डब्याने जिंकलेला शनिवार

मी एक जुना पितळी मिसळणाचा डबा आहे. सात वाट्या, एक झाकण आणि कडेला पडलेला पोचा, एवढीच माझी मालमत्ता. मित्रांनो, म्हैसूरच्या मंडी मोहल्ल्यातल्या एका तांबटाने मला ठोकून घडवलं आणि गिरिजाबाईंनी जयलक्ष्मीपुरमच्या आपल्या स्वयंपाकघरात आणलं. चाळीस वर्षं माझ्या मोहरी-मेथीशिवाय त्या घरात सारू, म्हणजे आपलं सार, उकळला नाही. पाहुणे गिरिजाबाईंच्या हाताचं कौतुक करत. मी ते माझंच समजत असे. मग तयार मसाल्यांची पाकिटं आली आणि मी माळ्यावर गेलो. तिथे एका बंद मिक्सरच्या शेजारी सहा वर्षं काढली. मिक्सर फार बढाईखोर होता.

मला खाली उतरवलं ते सून सुष्माने. तिच्या सासऱ्यांना, नागोजीरावांना, डॉक्टरांनी हृदयाची गोळी दिली होती: रोज सकाळी एक. पाकीट त्यांच्याच खिशात, कारभारही त्यांचाच. पण दर रविवारी त्यांना भोवळ येई. “उपासाचा अशक्तपणा,” ते म्हणत. एका रविवारी मात्र ते न्हाणीघराच्या दारात कोसळता कोसळता वाचले. सुष्मा हादरली. तिने मला घासलं, उन्हात वाळवलं आणि गोळ्या पाकिटासकट कापून वारांप्रमाणे वाट्यांत ठेवल्या. हिंगाच्या जागी औषध! ही बढतीच होती.

शनिवारी दुपारी तिने झाकण उघडलं. शनिवारची वाटी जशीच्या तशी.

“मामंजी, हे काय?”

“शनिवार मारुतीचा. उपासाला गोळी बेडा, नकोच.”

“मग ती राहूनच जाते?”

“छे! रविवारी दोन घेतो की. आमचे पूर्वज म्हैसूरच्या फौजेत होते. शिस्त आम्हाला शिकवू नकोस.”

सुष्माने तडक डॉक्टरांना फोन लावला. “दोन एकदम कधीच नाही!” डॉक्टर ओरडले. “नाडी मंदावते, म्हणून भोवळ येते. मध्ये सोडणंही तितकंच धोक्याचं. आजची आत्ता द्या.”

नागोजीराव हटेनात. गिरिजाबाई अवरेकाळूच्या, म्हणजे वालाच्या, शेंगा सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “अहो, औषधासाठी अख्खा डोंगर उचलून आणला तो कोण? आणि त्याच्याच वाराला तुम्हाला औषध चालत नाही? त्याला काय वाटत असेल!”

फौज विनाअट शरण आली. गोळी घेतली, वर पेलाभर पाणीही.

त्याला आता आठ शनिवार झाले. तपासणीत नाडी ठीक निघाली. रविवारी नागोजीराव भिंतीला हात न लावता उठतात आणि भाजी आणायला स्वतः जातात. परवा शेजारचे तिरुमलराव म्हणाले, “मलाही धडधडतंय. तुमच्यातली एक द्या की.”

“ती माझी आहे,” नागोजीराव गरजले. “तुमची तुमच्या डॉक्टरला विचारा. चला, मी येतो सोबत!”

मित्रांनो, मला चिंचेने लखलखीत घासलं नाहीत तरी चालेल. तुमच्या घरातल्या आजोबांची आजची वाटी रिकामी झाली का, तेवढं बघा. आणि भरलेली दिसली, तर भांडायला मुळीच लाजू नका.