तिरपं नाव

मालेगावच्या फ्लेक्सच्या दुकानात बसून निकितानं स्वतःचा एक फॉन्ट बनवला होता. जाड-बारीकचे लाड नाहीत, टोकांना फुलोरा नाही. सगळ्या रेषा एकाच जाडीच्या आणि सगळी अक्षरं उजवीकडे कललेली, एसटी सुटली म्हणून पळत निघालेल्या माणसांसारखी. त्यातलं पहिलं नाव तिनं भावाचं कापलं. लखनच्या टेम्पोच्या काचेवर, पिवळ्या रेडियममध्ये. मग जिमवाल्यानं तो फॉन्ट मागितला, डीजेवाल्यानं मागितला, आणि क्लासवाल्यानं तर अख्खी भिंत तिरपी करून घेतली. पोरं पास झाली का, ते विचारू नका.

तिची माय पंचफुला शाळेची पायरी चढली नव्हती. "मले वाचता येत नाही, पन लखनचं नाव वयखू येते. ते वाकून पयते," असं ती कौतुकानं सांगायची. रस्त्यानं कितीही टेम्पो जावोत, लेकाचा तिला लांबूनच कळायचा.

तोच टेम्पो गेल्या पावसाळ्यात उलटला आणि लखन गेला. उन्हाळा लागल्यावर त्याच्या नावानं फाट्यावर पाणपोई घालायचं ठरलं. पंचफुलानं एकच गोष्ट मागितली.

"पाटीवर त्याचं नाव माहं मलेच सापडलं पाह्यजे. कोनाले इचारावं लागू नये."

निकितानं नाव तिरपंच लावलं. पण मोठेबाबांनी, म्हणजे चुलते नानाजींनी, ते पाहून तोंड वाकडं केलं.

"हे काय वाढदिवसाचं बॅनर हाय काय? गेलेल्या मानसाचं नाव सरळ पाह्यजे."

"पन मोठेबाबा, मायले..."

"गाव हासन. सरळ कर."

घरात शेवटचा शब्द त्यांचा. निकितानं नाव सरळ केलं, आणि ते ताठ पडलेलं नाव बघून तिला रडू कोसळलं. भावाचं काहीतरी पाटीवर राहावं म्हणून तिनं खालची 'थंड पाणी' ही ओळ तेवढी तिरपी करून टाकली. मायला सांगायचं राहिलं. खरं तर तिची जीभच रेटली नाही.

पाणपोईच्या दिवशी नानाजींनी नारळ फोडला. पंचफुला कुंकवाची वाटी घेऊन पुढे आली. सरळ नावावरून तिची नजर नुसती घसरत गेली. खालच्या ओळीवर थांबली, आणि कितीतरी महिन्यांनी तिचा चेहरा उजळला. तिनं पदरानं धूळ पुसली, कुंकू लावलं आणि 'थंड पाणी'वर तळहात ठेवला.

"हे पाह्य निकिता, सापडला माहा लखन. कोनालेच इचारलं नाही."

नानाजी तिची चूक सांगायला पुढे सरसावले. निकितानं त्यांचा दंड घट्ट धरला.

"आता काही बोलू नोका, मोठेबाबा."

ते दोन पावलं मागे सरले. लोक ग्लास घेऊन माठापाशी जमू लागले. पंचफुला मात्र त्या अक्षरांवरून बोटं फिरवत तिथंच उभी होती.

"अजून पयूनच राह्यला," ती हळूच म्हणाली. "थांब ना बाप्पा आता जरासा."