सड्यावरची भाजावळ

पहार खण्णकन वाजली आणि सोनूबाईच्या हातांना पार खांद्यापर्यंत झिणझिण्या आल्या.

"कातळ हाय गो तो! नारळ हाय काय दोन घावांत फुटायला?" शेजारच्या पडवीतून यमुनाबाईने टोला हाणला.

"फुटंल, फुटंल. मी काय कमी टणक हाय?" सोनूबाई म्हणाली आणि पदराने तोंड पुसून तिने पुन्हा पहार उचलली.

सरकारी कागदावर या जागेचे नाव 'परसबाग, दोन गुंठे' असे होते. कागदाचे काय जाते! लिहिणाऱ्याने एकदा येऊन नुसता पाय आपटला असता तरी त्याला कळले असते. पालीच्या अलीकडे रस्ता सोडून वर चढले की हा सडा लागतो. जांभ्याचा उघडाबोडका कातळ, वर चार बोटे माती, तीही पावसाळ्यात गवत उगवण्यापुरती. परवाच्या वर्षी श्रावणात कोंडखोल गावावर डोंगर खाली आला. माणसे आदल्या दिवशी शाळेत हलवली होती म्हणून वाचली. पण घरे, गोठे, पऱ्याकाठची, म्हणजे ओढ्याकाठची शेते, सगळे वीस हात मातीखाली गेले. त्या सत्तावीस घरांना सरकारने इथे आणून बसवले. सारखी घरे, भिंतींवर नंबर आणि प्रत्येक घरामागे ही असली परसबाग.

बाकी कुणी त्या परसबागेच्या नादाला लागले नाही. लोकांनी तिथे दोऱ्या बांधून कपडे वाळत घातले. सोनूबाईला मात्र तिथे वाफा हवा होता, आणि खरे सांगायचे तर तिला भाजीचे काही पडले नव्हते. तिला तिचा घोव उठायला हवा होता.

रघू इथे आल्यापासून आठ महिने खाटेवर होता. तोंड भिंतीकडे. जेवा म्हटले की दोन घास खायचा, उठा म्हटले की कूस बदलायचा. डॉक्टरने गोळ्या दिल्या आणि "यांचं मन रमवा" असे सांगितले. आता मन काय पालीच्या बाजारात किलोवर मिळते? आणि बाजार म्हणाल तर तो बाजार ज्याने गाजवला तोच हा माणूस. कोंडखोलला भात कापून झाले की त्याच शेतात रघूचा मळा लागायचा. मुळा, वांगी, वाल आणि लाल माठ. इतरांच्या जुड्या टोपलीतून बाहेर निघायच्या आत याच्या संपायच्या. आणि तोंड तर असे की विचारू नका! वाफा बोटभर वाकडा गेला की दिवसभर बडबड. चाळीस वर्षांत सोनूबाईने घातलेला एकही वाफा त्याच्या पसंतीला उतरला नव्हता.

"देवानं तुझ्या हातात कुदळ दिलीन ती चुकून दिलीन," असे तो चारचौघांत म्हणायचा. तेव्हा तिला राग यायचा. आता ते ऐकायला तिचा जीव तरसत होता.

पडून पडून हा माणूस असाच जाणार, हे तिला लख्ख दिसत होते. म्हणून तिने मनाशी ठरवले, याला चुकीचे काम बघवत नाही ना, मग चुकाच करायच्या. खाटेच्या खिडकीसमोरचीच जागा तिने मुद्दाम धरली.

त्या दिवशी खणताखणता पहार एकाएकी मऊ कशावर तरी गेली. माती बाजूला केली तर खाली काळा प्लास्टिकचा पाइप, दंडाएवढा जाड. खालच्या पऱ्यातल्या विहिरीवरून वरच्या टाकीत पाणी चढवणारा हाच तो पाइप. कातळ फोडून चर मारायचे कष्ट ठेकेदाराने घेतले नव्हते. पाइप कातळावर आडवा टाकून त्याने वर माती ओढली होती. 'फुटला नाय तेवढं बरं,' असे म्हणत सोनूबाईने तो झाकून टाकला.

मग पंधरा दिवस तिने सड्याच्या खळग्यांतून पाटीपाटीने माती आणली. वाफा घातला तो नागमोडी. खिडकीतून काही आवाज नाही. दगडांचा बांध घातला तो उताराच्या भलत्याच अंगाला. तरीही नाही. यमुनाबाईलाच राहवले नाही.

"सोनू, तू भाजी लावतंस की भावल्यांचा खेळ मांडलंस?"

"तू गप बस," सोनूबाई दबक्या आवाजात म्हणाली. "तुला नाय दाखवत्ये मी."

शिमगा झाला आणि तिने भाजावळ मांडली. आमच्याकडे जमीन भाजल्याशिवाय कुणी वाफ्यात बी टाकत नाही. खाली शेणी, त्यावर झाडांचे वाळके टाळ, त्यावर पातेरा म्हणजे वाळका पाला आणि सगळ्यांत वर बारीक मातीचा थर, म्हणजे आग न भडकता रात्रभर धुमसते, तण मरते, किडा मरतो आणि राख जमिनीत मुरते. हा क्रम इकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. सोनूबाईने खाली पातेरा पसरला, वर शेणी रचल्या, मातीला हातच लावला नाही आणि वाऱ्याच्या तोंडावर बसून मोठ्याने म्हणाली, "आता लावत्ये काडी!"

"गो बाय! डोकं फिरलं काय तुझं?"

तिच्या हातातली काडेपेटी खाली पडली. आवाज खिडकीतून आला होता. बसलेला, घोगरा, पण त्याचाच.

"शेणी वर घालतंस? आन वाऱ्याकडनं पेटवतंस? सगळा सडा जाळायचा हाय काय?"

दाराची चौकट धरत रघू बाहेर आला. पाय लटपटत होते, डोळे उन्हाने मिटत होते. खाली बसून त्याने तिचा सगळा पसारा उपसून काढला. एकेक शेणी लावताना तिचा, तिच्या माहेरचा आणि तिला कुदळ देणाऱ्या देवाचा त्याने यथास्थित उद्धार केला. सोनूबाई पाटी पुढे करत होती आणि तोंडाला पदर लावून रडत होती. यमुनाबाई धावत आली, पाठोपाठ चार बाया आल्या. "रघूदादा उठला गो!" अशी हाकाटी सत्ताविसाव्या घरापर्यंत गेली.

मातीचा शेवटचा थर देऊन रघूने हात झटकले. वारा कुठला ते पाहिले आणि उलट्या अंगाला जाऊन बसला.

"काडेपेटी आण."

आणि नेमके तेव्हाच सोनूबाईला तो पाइप आठवला.

ती उभीच राहिली. 'थांबा' एवढे एकच म्हणायचे होते. पण ते म्हटले तर सगळे पुन्हा उपसायचे, आणि मग हा म्हणेल, राहू दे. जाईल आत आणि करील तोंड भिंतीकडे. मधे माती आहे, तिने मनाला समजावले, काय होतेय? आठ महिन्यांनी त्याने काहीतरी मागितले होते. तिने काडेपेटी दिली.

सकाळी तिला त्याच्याच हाकेने जाग आली.

"सोनू! बाहेर ये! पाणी लागलं गो, पाणी! कातळातनं झरा फुटला!"

वाफ्यातून काळे पाणी बुडबुडत वर येत होते. राखेचा चिखल उतारावरून वाहत होता आणि रघू त्यात घोट्यापर्यंत उभा राहून लहान मुलासारखा हसत होता. झरा कसला ते सोनूबाईने ओळखले. खाली बाबल्याने, म्हणजे पंप चालवणाऱ्याने, नुकताच पंप सुरू केला होता.

थोड्या वेळाने पाणी थांबले आणि बाबल्या धापा टाकत वर आला. त्याने हातांनी चिखल उपसला. पाइप पार वितळून कातळाला चिकटला होता. चांगला दहा-बारा हात.

"मेन लाइन हाय ही!" बाबल्या डोक्याला हात लावून बसला. "रातचा मोकळा पाइप, पाणी नाय आत. वितळंल नायतर काय करंल?"

लोक जमले. काल कौतुक करणारी तोंडे आज भाजून काढायला लागली. यमुनाबाईचा तोल सुटला. "माझी लेक बारा दिवसांची बाळंतीण हाय घरात! वेदिकाला अंघोळीला पाणी कुठनं आणू? पोराची दुपटी कशात धुवू? म्हाताऱ्याला खेळायला आग दिलीन हिनं!"

"मी लावली आग," सोनूबाई पुढे होऊन म्हणाली. "जे बोलायचं ते मना बोल."

"खोटं बोलत्ये ती," रघू म्हणाला. "काडी मी ओढली."

सरकारी ऑफिसातून माणूस आला, फोटो काढून गेला. पंचनामा होईल, पाइप मागवावा लागेल, आठ-पंधरा दिवस धरून चला, म्हणाला. तोवर काय? तोवर विहीर होतीच की खाली! जाऊन-येऊन अर्ध्या तासाची चढण, आणि चैत्राचे ऊन.

त्या दिवशी रघू खाटेवर गेला नाही. चुलीपुढे बसून राहिला. सोनूबाईला ते सोसवेना. तिने सांगून टाकले.

"पाइप तिथं हाय ते मना ठाव व्हतं."

रघूने मान वर केली. "मग बोलली का नाय?"

"तुमी उठला व्हता."

त्याने चुलीतले लाकूड आत सारले. रागावला असता तर तिला बरे वाटले असते.

"कावडीला दोर हाय काय घरात?" त्याने विचारले.

दुसऱ्या दिवसापासून रघूने कावड धरली. दोन हंडे खाली न्यायचे, भरून वर आणायचे. रोज पाच घरे, पाळीपाळीने. बाळंतिणीचे घर मात्र रोजचे, तेही पहिले. सोनूबाई कळशी घेऊन मागून जायची, पण कावडीला हात लावू द्यायचा नाही. आठ महिने ज्या अंगाने कूस बदलण्याखेरीज काही केले नव्हते, त्या अंगावर हा भार. दोन दिवसांत खांदा सोलून निघाला. लोक विरघळले. बाबल्या म्हणाला, "रघूदादा, पुरे झालं, आमी आणतो आमचं." यमुनाबाईने एकदा हंडा परत करून पाहिला. रघूने तो तिच्या उंबऱ्यातच ठेवला आणि पुढच्या खेपेला निघून गेला.

मधल्या काळात सोनूबाईने त्या ओल्या राखेत माठाचे बी फेकले होते. पाचव्या दिवशी लालसर कोंब वर आले. तिने त्याला हाताला धरून दाखवायला नेले.

"बघा तरी. एक तांब्या घालू काय?"

"ते पाणी लोकांचं हाय," रघू म्हणाला आणि रिकामी कावड घेऊन उतरायला लागला.

नवव्या दिवशी कोंब माना टाकून मातीला टेकले. सोनूबाईला त्याचे एवढेसेही दुःख झाले नाही. तिचे डोळे त्याच्या पायांकडे असत. रात्री ती त्याच्या खांद्याला खोबरेल लावायची आणि म्हणायची, "उद्याच्या दिवस ऱ्हावा. माझी शपथ." तो हुं म्हणायचा, आणि सकाळी कावड दारात नसायची. त्याला उठवायला तिने किती नवस बोलले होते, आणि आता त्याला बसवायला तिच्याकडे एकही युक्ती नव्हती.

अकराव्या दिवशी कळशी घेऊन ती वर पोहोचली तरी तो मागून आला नाही. ती वाट बघत दारात उभी राहिली. मग बाबल्याला हाक मारून दोघे उतरले.

चढणीच्या मधोमध, आंजणीच्या झुडपाला पाठ लावून रघू बसला होता. मान छातीवर आली होती. कावडीचे दोन्ही हंडे बाजूला सपाट कातळावर नीट ठेवलेले होते, काठोकाठ भरलेले. आधी हंडे टेकवले आणि मग तो बसला, हे बघणाऱ्याला कळत होते. बाबल्याने त्याच्या नाकापुढे हात धरला आणि तो तसाच मागे घेतला.

पुरुष धावत आले. चौघांनी रघूला उचलून वर नेले. बाया रडत होत्या, कुणीतरी सोनूबाईला धरायला गेले. तिने त्यांचे हात सोडवले. पदराची चुंबळ केली, डोक्यावर ठेवली आणि बाबल्याला म्हणाली, "हात लाव जरा."

"वहिनी, राहू दे आता."

"हात लाव म्हणत्ये ना."

हंडा डोक्यावर घेऊन ती चढण चढली. आपल्या घरापुढे गर्दी जमली होती, ती ओलांडून पुढे गेली. यमुनाबाई स्वतःच्या दारात तोंडात पदर कोंबून उभी होती. आतून बाळंतिणीच्या पोराचे रडणे येत होते. सोनूबाईने हंडा उंबऱ्यात टेकवला.

"दुसरा खाली वाटेत हाय," ती म्हणाली. "कुणाला तरी पाठव."