परत घेतलेली साक्ष

दारव्ह्याच्या आसपास कोणत्याही तांड्यात जा आणि विचारा, हंसाबाईची साक्ष ऐकली का? ऐकली नाही असा विश्वासी सापडायचा नाही. मी दुसरीपर्यंत शिकलेली बाई. पण रविवारच्या उपासनेत साक्षीसाठी उभी राहिले की लोक पास्टरचं प्रवचन विसरत आणि माझं बोलणं घरी घेऊन जात. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. बरं, बढाई म्हणूनच सांगते. तिचीच किंमत पुढे मोजावी लागली.

साक्ष अशी होती. माझ्या शामला लहानपणापासून मिर्गी. उभ्या उभ्या पडायचा, तोंडाला फेस, डोळे पांढरे. सरकारी दवाखान्यातून गोळ्या आणायच्या, रोज द्यायच्या. त्याचं लग्न झालं त्या वर्षी आम्ही प्रभूला मानलं. एका रविवारी मी प्रार्थनेतून उठले, घरी गेले, गोळ्यांची सगळी पाकिटं घेतली आणि निंबाखाली पुरली. त्यानंतर शाम तीनदा पडला. माझी सख्खी बहीण म्हणाली, बाई, गोळ्या दे लेकराले. मी म्हटलं, "सैतान घरच्याच माणसाच्या तोंडून बोलते. अन् निघतानी आपटतेच. भाड्याची खोली सोडतानी माणूस दार आपटून जाते, तसा." पुढे शाम पडला नाही. वर्षांमागून वर्षं गेली, पडला नाही.

भाड्याच्या खोलीपाशी लोक हसत आणि शेवटी बायका रडत. आजारी माणसाच्या डोक्यावर शामने हात ठेवावा म्हणून लांबून लोक येत. तोही बिचारा ठेवायचा.

पुष्पा माझ्या दारासमोर राहते. नवरा ऊसतोडीला गेला तो तिकडेच राहिला. तिला एकच पोर, राखी, शाळेत जाणारी, आणि तिलाही मिर्गी. दसऱ्याच्या सुमारास पुष्पाने राखीच्या गोळ्या बंद केल्या. मी बंद कर म्हटलं नव्हतं. मला म्हणायची गरजच नव्हती.

राखी पडू लागली. पुष्पा माझ्याकडे आली.

"काकी, पोरगी लय पडून राह्यली."

"पडू दे. माझा शाम नाही पडला?"

तिच्या डोळ्यांत भीती होती. मला वाटलं, विश्वास कमी आहे. म्हणून मी उपास धरला, शामलाही धरायला लावला. दिवस मावळल्यावर कोरडी बाटी, म्हणजे आमची भाकर, आणि पाणी, गोड काही नाही, राखी बरी होईपर्यंत.

माझी सून नयन तेव्हा माहेरी होती, ढाणकीकडच्या तांड्यात. तिची याडी, म्हणजे आई, अंथरुणाला खिळलेली. जाताना नयनने डबा भरून मलिद्याचे लाडू केले. ही तिची लग्नापासूनची सवय. रोज सकाळी बाटी कुस्करून त्यात गूळ-तूप घालायचं आणि नवऱ्याला समोर बसून खाऊ घालायचं. दुसऱ्या कोणाला त्यातला कण देत नसे. एकदा मी बोट बुडवून चाखलं तर कडू लागलं. "बाजारात गूळ पाहून घेता येत नाही का गं तुले?" म्हणून मी तिची आईपर्यंत उणीदुणी काढली. ती मान खाली घालून ऐकत राहिली.

या वेळी निघताना मला म्हणाली, "याडी, हे लाडू फक्त यायले. रोज सकाळी एक. इसरू नका."

"नवरा काय गाभण म्हैस हाय तुहा, रोजचा खुराक लावतेस?"

ती हसली नाही.

उपास चालू असतानाच एका सकाळी शाम अंगणात सोयाबीनच्या पोत्याचं तोंड शिवत होता. एक आरोळी ऐकू आली. ती आरोळी मी ओळखली. इतक्या वर्षांनी ओळखली. मी बाहेर धावले, आणि सगळ्यात आधी फाटक लावलं, पुष्पाला दिसू नये म्हणून. मग लेकराकडे गेले.

नयनला फोन केला. ती दुपारच्या जीपने आली. आल्या आल्या नवऱ्याकडे नाही, स्वयंपाकात गेली आणि डबा उघडला.

"लाडू काहून नाही खाल्ले यायनं?"

"उपास हाय आमचा."

ती मटकन खाली बसली. डबा मांडीवर तसाच.

"याडी, लाडवात गोळी हाय."

"कायची गोळी?"

"त्यायचीच. दवाखान्यातली. मी कुटून टाकते."

"कधीपासून?"

"तुमी पुरल्या तवापासून. तिसऱ्यांदा पडले तवा जीभ तुटता तुटता राह्यली त्यायची. बाजाराले जातो सांगून मी दवाखान्यात गेली."

माझा हात उगारला गेला. "मले फसवलं तू? प्रभूच्या घरात उभं करून एवढी वर्षं खोटं बोलाले लावलं?"

"साक्ष तुमी देत होत्या, याडी. मी तिच्यावर कधी आमेन नाही म्हटलं."

खरं होतं. सगळी सभा आमेन म्हणायची आणि ही जमिनीकडे पाहत बसायची. मी तिला मंद समजत होते.

"तुह्या मनात विश्वासच नोहता म्हण ना!"

"होता. गोळी कुटतानी रोज प्रार्थना करो मी. मले त्यात दोन गोष्टी कधी दिसल्याच नाही."

खाटेवर पडलेला शाम सगळं ऐकत होता. ओठ फाटलेले, कपाळावर ओरखडा. त्याने विचारलं, "मंग मी बरा झालोच नाही काय?"

त्याने भिंतीकडे तोंड केलं. ज्या हातांनी तो लोकांना आशीर्वाद देत होता ते दोन्ही हात त्याने मांड्यांमध्ये दाबून धरले.

तेव्हा कुठे मला राखी आठवली. माझा उगारलेला हात हवेतच होता. तो खाली आला आणि मी फाटक उघडून धावत सुटले.

राखी गोधडीवर पडून होती. जागी होती, पण नजर कुठेच लागत नव्हती. पुष्पा तिच्या ओठांचं रक्त पुसत होती.

"पुष्पा, गोळ्या दे पोरीले. आत्ताच्या आत्ता."

तिने माझ्याकडे पाहिलं. "काकी, माझी परीक्षा पाहून राह्यल्या का?"

मी सगळं सांगितलं. लाडू, नयन, शाम. ती शांतपणे ऐकत होती आणि तिच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू येत होतं.

"सैतान घरच्याच माणसाच्या तोंडून बोलते," ती म्हणाली. "तुमीच सांगत होत्या ना?"

"मी चुकीचं सांगत होती, बाई!"

"अन् निघतानी आपटतेच. खोली सोडतानी दार आपटते तसा."

"अवं, शाम पडला आज! माझ्या डोयाम्होरं पडला!"

"कुठी? मी तं सकाळपासून वट्ट्यावरच बसून होती. तुमचं फाटक बंद होतं, काकी."

मी तिच्या पायांना हात घातला. मी तांड्याच्या नायकाच्याही पाया पडलेली बाई नाही. तिने पाय मागे घेतले. "माणसाच्या पाया पडू नये. हेबी तुमीच शिकवलं."

नयन गोळ्या घेऊन गेली तर पुष्पाने दार लावून घेतलं. आम्ही सरकारी दवाखान्याच्या आशाताईला पाठवलं. पुष्पाने पोरीचे केस विंचरून तिला भिंतीला टेकवून बसवलं आणि म्हणाली, ताप होता, उतरला. मी पास्टर रूपसिंगला बोलावलं. तो भला माणूस, फटफटीवर तांडोतांडी फिरतो, कोणाच्या घरचा चहासुद्धा फुकट पीत नाही. ऐकून त्याचा चेहरा उतरला.

"तिले तुमी सांगा," मी म्हटलं.

"सांगतो. पण काकी, सभेत या रविवारी नका बोलू. नवी माणसं येऊन राह्यली. तुमच्या साक्षीवरच येऊन राह्यली. पुढच्या रविवारी मी सोता सांगतो."

"पुढच्या रविवारपर्यंत पोरगी राहीन काय?"

"मी कधी कोणाले गोळ्या बंद करा म्हटलं का?"

"नाही म्हटलं. मी बोलत होती अन् तुमी मांगून पेटी वाजवत होते. दोघायनं मिळून म्हटलं."

तो गेला पुष्पाकडे. बाहेर आला तेव्हा रुमालाने डोळे पुसत होता. "ते म्हणते, हंसाकाकीवानी विश्वास माझाबी पाह्यजे."

मी शनिवारी काही खाल्लं नाही. तो उपास नव्हता, घास उतरतच नव्हता. प्रार्थनेला बसले तर शब्द येईनात. सगळे शब्द साक्षीतच वापरून झाले होते. फाटकाशी उभी राहून मी समोरच्या दाराकडे कान लावत होते. आवाज आला तरी जीव जायचा, नाही आला तरी जायचा.

रविवारी पत्र्याच्या शेडमध्ये बसायला जागा नव्हती. पुष्पा पुढेच बसली होती, राखीचं डोकं मांडीवर घेऊन. आज सगळ्यांनी मिळून प्रार्थना केली की पोर उठेल, असं ती शेजारणीला सांगत होती. साक्षीची वेळ झाली. मी लाडवांचा डबा घेऊन उभी राहिले. लोकांनी उत्साहाने टाळ्या वाजवल्या.

"माझी साक्ष मी परत घेते," मी म्हटलं.

कोणाला कळलंच नाही. एक-दोघांनी सवयीने आमेनही म्हटलं. मग मी सगळं सांगितलं. निंबाखालच्या गोळ्या, नयनचा मलिदा, अंगणातली आरोळी, आणि फाटकही. फाटक मी आधी लावलं, हेही सांगितलं.

"सुनेनं काहीतरी भरवलं काकीले," मागून बाई बोलली.

"म्हातारपणात डोकं फिरते," दुसरी.

शाम उभा राहिला. "मी पडलो. खरं हाय ते. मी बरा नाही. कोणाच्या डोक्यावर हात ठेवलेले असन तं माफ करा." एवढंच बोलून तो मान खाली घालून बसला.

कोणीतरी टाळ्यांवर गाणं सुरू केलं. हळूहळू सगळी सभा गाऊ लागली, माझ्या आवाजावर आवाज चढवून. रूपसिंगचे हात पेटीवर होते. त्याने पेटी वाजवली नाही, हे मी त्याच्या बाजूने सांगते.

मी पुष्पासमोर जमिनीवर बसले. डब्यातला लाडू फोडून तिच्यापुढे धरला.

"चाख."

"कायले, काकी?"

"एक कण. मंग मी तुले कधी तोंड दाखवत नाही. चाख."

मला टाळायलाच तिने चिमूट जिभेवर ठेवली. चावली. आणि थांबली.

राखी लहान होती तेव्हा हीच गोळी पुष्पा दोन चमच्यांमध्ये दाबून कुटायची, दुधात टाकायची आणि बोटाला राहिलेलं स्वतः चाटायची. सगळ्या तांड्याने ते पाहिलेलं. तो कडवटपणा त्या माऊलीच्या जिभेने कितीदा तरी घेतलेला. माझं बोलणं तिला खोटं वाटलं, पण ही चव तिला खोटी ठरवता येईना. तिने दुसरी चिमूट घेतली.

"काकी, हे तं..."

"हो, बाई. तेच."

"मंग शामभाऊ... एवढ्या वर्षांचं..."

तिचं बोलणं पुरं झालं नाही. तिच्या मांडीवर राखी ताठ झाली. मान मागे गेली, दात वाजले, अंग झटके देऊ लागलं. आम्ही सगळ्यांनी असे झटके पाहिलेले होते, ते थांबतात. हे थांबेनात. लोकांनी हात वर करून मोठ्याने प्रार्थना सुरू केली.

"हात वर करू नका!" मी ओरडले. "खाली घाला अन् पोरगी उचला!"

पिंटूची काळीपिवळी जीप वडाखाली उभी होती. चौघांनी राखीला त्यात ठेवलं. नयनने तिला कुशीवर वळवून डोकं धरलं, पदराने फेस पुसत राहिली. नयनचे ओठ हलत होते. जीप खड्ड्यांतून उडत होती. कपाशीची शेतं दोन्ही बाजूंनी मागे पळत होती आणि दारव्हा काही येत नव्हतं.

पुष्पाने माझं मनगट घट्ट पकडलं. तिची नखं रुतली. "काकी, प्रार्थना करा ना! तुमचं ऐकते प्रभू. तुमचं ऐकते!"

मी तासन्‌तास प्रार्थना करणारी बाई. माझ्या तोंडून एवढंच निघालं, "प्रभू, पोरगी. प्रभू, पोरगी." पुढचं वाक्य आलंच नाही.

राखी जगली. दारव्ह्याहून यवतमाळला नेली. किती दिवस ती डोळे उघडत नव्हती आणि पुष्पा भिंतीला टेकून उभी असायची. मी जवळ गेले की दुसऱ्या भिंतीला जायची. पोर घरी आली तेव्हा उजव्या हाताने ग्लास धरता येत नव्हता. शब्द घशात अडकतात. मला काकी म्हणायला तिला एवढा वेळ लागतो की मीच तिच्या ओठांवरून नजर काढते.

शाम आता गोळी स्वतःच्या हाताने खातो, वट्ट्यावर बसून, सगळ्यांदेखत. नयन मलिदा करत नाही. रूपसिंग रविवारी विचारतो, "कोणाची साक्ष आहे का?" शेडमध्ये आता मोजकी माणसं असतात. मी बसूनच राहते.

आमचं फाटक मी लावत नाही. दिवसाही नाही. रोज सकाळी मी तिथे उभी असते. समोरचं दार उघडतं. पुष्पा राखीला उंबऱ्यावर आणून बसवते, माझ्याकडे तोंड करून. गोळी जिभेवर ठेवते, पाणी पाजते. अर्धं पाणी हनुवटीवरून गळ्यात जातं. पुष्पा ते पुसत नाही, माझ्याकडे पाहत राहते. मग राखी तोंड उघडून मला दाखवते. जीभ मोकळी असते. मी मान हलवते.

पुष्पा पोरीला उचलून आत नेते.