फिरती कलमं

१९९४ साली इंदापूर तालुक्यात सर्वांत जास्त प्रवास कुणी केला असेल, तर आंब्याच्या अठरा कलमांनी. दुसरा नंबर माझा. मी कृषी सहायक होतो. माझ्याकडं लुना होती, कलमांकडं बैलगाडी.

फळबाग योजनेत हेक्टरी शंभर कलमं लावायची आणि अनुदान तीन हप्त्यांत घ्यायचं. शेवटच्या हप्त्याला शंभरातली नव्वद जिवंत लागत. कळंबच्या मुरमाड माळावर एवढी जगत नसत. म्हणून गावानं वर्गणी काढून अठरा कलमं तेलाच्या डब्यांत वाढवली होती. ज्याची तपासणी, त्याच्या मेलेल्या झाडांच्या खड्ड्यांत डबे उतरत, वर माती लोटली जाई. मी मोजायचो, चहा प्यायचो, सही करायचो. मग डबे पुढच्या रानात. त्यातल्या एकाच्या बुंध्याला बाक होता. तो मला पाच जणांच्या रानात भेटला. मी ओळख दाखवली नाही; त्यानंही नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात तुळसाबाईची पाळी आली. नवरा कचरू फॅक्टरीत कामाला, रान तीच बघायची. हप्ता मिळाला की मुलीला, रश्मीला, बारामतीच्या कॉलेजात घालायची, हे तिनं मला तीनदा सांगितलं होतं. हंड्यानं पाणी घालून तिनं स्वतःची ब्याऐंशी जगवली होती. उरली अठरा.

मी मोजत शंभरावर पोचलो, तेवढ्यात हिंदुरावतात्या रिकामी बैलगाडी घेऊन आले. उसाचे बागाईतदार, कारखान्याचे सभासद, आवाजही त्याच मापाचा. दुपारी त्यांच्या रानाची तपासणी होती.

"तुळसाबाई, डबे कुठं हायती?" मग मी दिसलो. "नमस्कार सायेब. डबे म्हंजी... तेलाचे. घरचे."

"गोठ्यामागं हायती. धुऊन ठिवल्यात."

"आन् झाडं?"

"लावली."

"लावली म्हंजी?"

"म्हंजी लावली. म्हैना झाला. पत्र्याच्या भोकातनं मुळ्या भायेर आल्या व्हत्या, तात्या. बघवंना."

"अगं, गावाची हायती ती! फिरायची झाडं!"

"झाड कुठं फिरतंय व्हय?"

तात्यांनी माझ्याकडं बघितलं. मी हे ऐकलं असतं, तर मागच्या पाच तपासण्या आणि माझ्या पाच सह्याही ऐकाव्या लागल्या असत्या. मी बाकवाल्या कलमापाशी वाकलो आणि ते ओढून पाहिलं. हललं नाही. शेंड्याला तांबूस पालवी होती.

"सायेब, खरं काय ते लिवा," तुळसाबाई म्हणाली. "पर रश्मीचा फारम शुक्करवारी भरायचाय."

मेलेल्या झाडाच्या जागी शेतकऱ्यानं नवं लावलं, तर ते मोजणीत धरायचं, असा नियमच होता. खात्याच्या भाषेत त्याला नांग्या भरणे म्हणतात. त्या गावात तीन वर्षांत हा नियम पाळणारी ती पहिलीच; आणि आपण तो मोडलाय, असं तिला वाटत होतं. मी शंभर लिहिले.

"आन् माझं काय?" तात्या म्हणाले.

"तुमची किती जगलीत?"

"शहात्तर."

"माझी लुना बिघडलीय, तात्या. पंधरा दिवस तरी दुपारी कुठं जाता यायचं नाही."

तात्यांनी बांधाला लावलेल्या लुनाकडं बघितलं. नुकतीच पुसलेली होती.

"व्हय," ते म्हणाले. "लईच बिघडल्याली दिसती."

आणि अठरा रिकामे डबे गाडीत भरून खडखडत गेले.

पंधरा दिवसांनी त्यांच्या रानात चोवीस नवी कलमं होती. मी एकेक ओढून पाहिलं.

"इश्वास न्हाय व्हय?" तात्या म्हणाले. त्यांना खरंच राग आला होता. खरं काम केल्यावर माणसाला असा राग येतो.

रश्मी आता बारामतीतच शिकवते. गेल्या मे महिन्यात तिनं आंब्याची पेटी पाठवली. आत चिठ्ठी होती: 'आई म्हणते, बाक्या झाडाचे हायती, सायबाला कळंल.'

कळलं. एव्हाना ओळख दाखवायला आम्हा दोघांचीही हरकत नव्हती.