सर्वपित्रीच्या पानावरचा फेझंट

“पंधरा ऑक्टोबरला तो टोकाच्या बागेपाशी फिरणारा लठ्ठ कोंबडा आणि त्या भारतीयांच्या दाराला...” एवढंच शेतमालक योप बोलला आणि नेमका तेव्हाच त्याच्या गड्याने ट्रॅक्टर सुरू केला. पुढचं सगळं त्या घरघरीत बुडालं.

तो लठ्ठ कोंबडा म्हणजे मी. लठ्ठ म्हटल्याचा राग नाही, पण वाक्य पुरं न झाल्याचा आहे. मला पहिल्यापासून चौकशीची सवय. अर्धी बातमी पोटात गेली की मला दाणा पचत नाही.

तर मी कोण, ते आधी सांगतो. मी फेझंट. मराठीत मला नाव नाही, त्यामुळे शेजारच्या घरातल्या विनयच्या आईने पहिल्यांदा मला पाहिलं तेव्हा ती म्हणाली, “अगं बाई, कोंबड्याला मोराची हौस आलीय.” वर्णन अगदी चुकीचं नाही. तांब्याच्या घंगाळासारखं अंग, हिरवी मान, गळ्यात पांढरी पट्टी, तोंडाला लाल रंग फासलेला आणि मागे हातभर शेपूट. लपून जगायचं ज्याच्या नशिबी, त्याला देवाने असा नटवून का पाठवावा, हे मला अजून कळलेलं नाही.

माझा जन्म लायडस्खेनडाम गावाच्या कडेला, योपच्या शेतातला. एका बाजूला हेग शहराचे दिवे, दुसऱ्या बाजूला सपाट हिरवी कुरणं आणि मध्ये पाण्याचे सरळ चर. अशाच एका चराच्या काठी उंच गवतात आईने आम्हाला उबवलं. शिक्षण बेताचंच झालं. पण एक धडा तिने आमच्याकडून घोकून घेतला, तो शिकारीच्या नियमांचा.

आमच्या मरणाचं वेळापत्रक सरकारने ठरवून दिलंय. पंधरा ऑक्टोबरला मोसम सुरू. माद्यांचा डिसेंबरअखेर संपतो, आम्हा नरांचा मात्र जानेवारी संपेपर्यंत चालतो. म्हणजे नवं वर्ष लागलं की माझ्या तिघी बायका शेतात मोकळ्या हिंडतात आणि मी झुडपात बसून त्यांच्याकडे बघतो. रविवारी बंदूक नाही. सूर्य उगवायच्या आधी नाही, मावळल्यावर नाही. आणि गावाची हद्द दाखवणाऱ्या निळ्या पाटीच्या आत, घरांमध्ये तर नाहीच. माणसाची गंमत वाटते मला. मारायचं ठरवतो, आणि मग किती रीतीने मारायचं याची एवढी काळजी घेतो.

तुम्ही म्हणाल, मग शहाण्या, पाटीच्या आत बागेतच का नाही राहिलास? अहो, बागेत मांजर आहे. आणि दाणा, झोप, बायका, तिन्ही चराच्या पलीकडे.

चराच्या अलीकडे रांगेतलं शेवटचं घर विनय आणि उल्काचं. तीन वर्षांपूर्वी ते राहायला आले तेव्हापासून माझी करमणूक सुरू झाली. इथले लोक खिडक्यांना पडदे लावत नाहीत, आत सगळं उघडं, पण बघण्यासारखं काही नसतं. या दोघांनी आल्या आल्या पडदे लावले. मग मला कुंपणाखाली जाऊन ऐकत बसावंच लागलं. मराठी मी तिथेच शिकलो. विनय रोज सकाळी सायकल दामटत स्टेशन गाठतो आणि अ‍ॅमस्टरडॅमच्या काचेच्या इमारतींमध्ये कामाला जातो. उल्का घरून काम करते, डच शिकते आणि कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता मीटिंगमध्ये “यस, यस” म्हणते.

दोन हजार पंधराच्या ऑगस्टमध्ये विनयची आई आली, पद्मजाताई. व्हिसा तीन महिन्यांचा, दिवाळी करून सांगलीला परतायचं ठरलेलं. अण्णांना, म्हणजे विनयच्या वडिलांना, जाऊन दोन वर्षं झाली होती. आल्या दिवसापासून ताई बागेत खुर्ची टाकून बसायच्या आणि समोर जे येईल त्याच्याशी बोलायच्या. मांजराशी, वाळत घातलेल्या पण कधी न वाळणाऱ्या कपड्यांशी, माझ्याशी. मला म्हणायच्या, “काय रे, तुला तरी कुणी विचारतं का, जेवलास का म्हणून?” मी मान वाकडी करून ऐकायचो. शेजारधर्म आहे शेवटी.

योपची ती अर्धी बातमी माझ्या कानावर पडली तेव्हा पितृपक्ष चालू होता. ज्या तिथीला अण्णांचं श्राद्ध करायचं, त्या दिवशी विनयला ऑफिसातून निघता आलं नाही. म्हणून ते सर्वपित्री अमावास्येला करायचं ठरलं. विनयने त्या सोमवारी घरून काम घेतलं. ताई पहाटेपासून स्वयंपाकाला लागल्या. केळीचं पान हेगच्या भारतीय दुकानातून आणलेलं, प्लास्टिकात गुंडाळलेलं, गोठवलेलं आणि वितळून मऊ पडलेलं. पण पान ते पान. भात, वरण, वडे, खीर, भोपळ्याची भाजी असं सगळं वाढून ताईंनी ते बागेतल्या टेबलावर ठेवलं आणि कावळ्याला हाक मारायला लागल्या.

इथले कावळे शिकवलेले नाहीत. ते चरापलीकडच्या वाकड्या विलोच्या झाडांवर बसून नुसते बघत राहिले. एक सीगल येऊन घिरटी घालून गेला. त्याला ताईंनी पदराने हाकललं, म्हणाल्या, हा आपल्यातला नव्हे. विनय कानाला हेडफोन लावून मध्ये मध्ये बाहेर डोकावत होता. आई, जरा हळू हाका मार, शेजारची बाई पोलिसांना बोलावेल, असं म्हणाला. कावळा शिवेपर्यंत घरात कुणी जेवायचं नाही, त्यामुळे उल्काचा चेहरा उतरत चाललेला.

शेवटी ताईंनी पान उचललं, चरावरच्या फळीवरून पलीकडे गेल्या आणि विलोंच्या खाली, माझ्या गवतात नेऊन ठेवलं. मग तिघं ओळीने उभे राहिले. अण्णांचं काहीतरी राहून गेलं असेल म्हणून विनय मोठ्याने म्हणाला, अण्णा, सांगलीचं घर विकत नाही. कावळा हलला नाही. शनिवारी-रविवारी लॅपटॉप उघडणार नाही, हेही कबूल केलं. तरी नाही. ताईंच्या डोळ्यांत पाणी यायला लागलं. एवढ्या लांब त्यांना वाट सापडली नसेल, असं त्या पुटपुटल्या.

उल्का हात जोडून म्हणाली, “अण्णा, वडे गार होतायत.”

मला ते पटलं. मी गवतातून निघालो तो थेट पानावर.

आधी वडा खाल्ला, मग भात, खीर शेवटी. भोपळ्याच्या भाजीकडे पाहिलंसुद्धा नाही. मग ताईंचा आवाज आला, थरथरणारा आणि हसणारा, दोन्ही एकदम. अण्णांनी जन्मात कधी भोपळा खाल्ला नाही, आणि सणाच्या पानावर पहिला हात वड्यालाच! विनय म्हणाला, आई, तो फेझंट आहे, त्याला भाजी आवडत नसेल. ताई म्हणाल्या, इथे कावळ्यांना आपलं कळत नाही, म्हणून त्यांनी ज्याला कळतं त्याला पाठवला.

तेव्हापासून मी नुसता शेजारी राहिलो नाही. घटस्थापनेच्या दिवशी माझ्यासाठी त्याच जागी साबुदाण्याची खिचडी आली, दुसऱ्या दिवशी वरणभात. ताई पान ठेवायच्या, दोन पावलं मागे सरायच्या आणि अण्णांना घरातलं सगळं सांगायच्या. विनयचं वजन वाढलंय. उल्का गुणी आहे, फक्त भाजीत मीठ कमी घालते. मी खात खात ऐकायचो. खरं सांगतो, सरकारच्या वेळापत्रकाचा मला विसर पडला होता.

पण योपला पडला नव्हता.

पंधराची सकाळ. ऑक्टोबरात इथे सूर्य आठ वाजून गेल्याशिवाय तोंड दाखवत नाही. त्याने ते दाखवलं आणि शेताच्या दुसऱ्या टोकाला योप दिसला. हिरवा कोट, हातात दुनळी, पुढे तपकिरी कुत्री. ती वास घेत सरळ माझ्याकडे निघालेली. मी अंग चोरून गवतात चिकटलो. उडालो तर बंदुकीच्या तोंडी, बसलो तर कुत्रीच्या. आणि त्याच वेळी फळीवरून ताई आल्या, साडीवर विनयचं जाड जाकीट, डोक्याला मफलर, हातात पान.

योपने कुत्रीला थांबवलं, ताईंना हाताने बाजूला व्हायची खूण केली. ताई बाजूला झाल्या नाहीत. पान खाली ठेवलं आणि माझ्या गवतापुढे उभ्या राहिल्या. दोघं बोलायला लागले, तो डचमध्ये, त्या मराठीत, आणि दोघांनाही वाटत होतं की समोरच्याला कळतंय. तेवढ्यात उल्का पायात विनयचे बूट घालून धावत आली.

“आई, चला इकडे. त्यांचं शेत आहे, त्यांना परवाना आहे,” उल्का म्हणाली.

“असू दे परवाना. त्यांना विचार, जेवत्या पानावरून कुणाला उठवतात का त्यांच्यात?” ताई म्हणाल्या. “मी यांना जेवायला घातलंय. चाळीस वर्षांत यांना कधी पानावरून उठवलं नाही. आता ह्या माणसाला उठवू देऊ?”

उल्का गोंधळली. हे डचमध्ये कसं सांगायचं, ते तिच्या क्लासात शिकवलं नव्हतं. पण तिने सांगितलं. थांबत, हाताने दाखवत, आपले सासरे, हे पान, हा पक्षी, असं जमेल तसं. सांगता सांगता तिचाच आवाज बदलला.

योपने कपाळाला आठ्या घातल्या. पानाकडे वाकून पाहिलं.

“हे अन्न तुम्ही त्या पक्ष्याला बोलवायला ठेवता, बाई?”

उल्काने ते ताईंना मराठीत विचारलं. ताई म्हणाल्या, मग काय तुमच्या कुत्रीला?

योपने सुस्कारा सोडला. मग बंदूक मध्ये मोडून उघडली आणि दोन्ही काडतुसं काढून खिशात टाकली. त्याने उल्काला सांगितलं, पाखराला अन्न घालून बोलावलेलं असेल, तर त्या जागेच्या आसपास, दोनशे मीटरच्या आत, शिकार करायला मनाई आहे. परवाना मिळवताना हे त्याला शिकवलेलं. आता त्याने अंदाजाने सभोवार बघितलं. त्यात माझं झुडूप आलं, विलो आले, त्याचं अर्धं कुरण आलं.

मी गवतात बसून श्वास सोडला. आईने घोकून घेतलेल्या नियमांत हा नव्हता.

पण योप हट्टी. त्याने विचारलं, मोसम जानेवारीअखेर चालतो, या बाई तोवर रोज जेवायला घालणार?

हे कळल्यावर ताईंचा चेहरा पडला. नोव्हेंबरात त्यांचं विमान. त्या नुसतं माझ्या गवताकडे बघत राहिल्या, एखाद्याला परक्या गावी एकटं सोडून निघावं तसं.

उल्काने मफलर त्यांच्या गळ्याभोवती नीट गुंडाळला. “मी घालीन, आई,” ती म्हणाली. मग योपकडे वळून डचमध्ये, या वेळी न अडखळता, तेच सांगितलं.

योप मान हलवत, स्वतःशीच हसत निघून गेला. मी बाहेर आलो. वरणभात होता, वर तूप. उल्काने रांधलेला असावा, कारण मीठ कमी होतं. मी एक शीतही ठेवलं नाही.

आता जानेवारी संपत आलाय. ताई सांगलीला आहेत आणि फोनवरून रोज माझी चौकशी करतात. विनय सुट्टीच्या दिवशी स्वतः पान घेऊन येतो. इकडेतिकडे बघतो, कुणी ऐकत नाहीसं पाहून ‘अण्णा’ म्हणतो आणि ऑफिसातल्या कटकटी सांगत बसतो. मी पक्षी आहे, अण्णा नव्हे, हे मला ठाऊक आहे. पण माझ्यासमोर बोलून कुणाचं मन हलकं होत असेल, तर नाही म्हणणारा मी कोण? तुमच्याही कुंपणापाशी कुणी रंगीबेरंगी पाहुणा आला, तर त्याला हाकलायच्या आधी एवढं विचारा, जेवलास का?

राहिली ती बातमी. पंधराच्या संध्याकाळी योपने विनयच्या दाराची घंटा वाजवली. मी कुंपणाखालीच होतो. हंगामातला पहिला फेझंट नव्या शेजाऱ्यांच्या दाराला भेट म्हणून टांगायचा, ही त्याच्या आजोबांपासूनची रीत. तीन वर्षं राहून गेलेली, यंदा करायचीच असं त्याने ठरवलं होतं. आणि त्यासाठी हेरला होता तो मलाच. म्हणजे तारीख खरी, दार खरं, लठ्ठ कोंबडाही खराच. पण योप गेल्यावर त्या दाराला टांगलेली दिसली ती दोरीने बांधलेली कोबीच्या दोन गड्ड्यांची जोडी.