आधी खुंटी ठोका

मित्रांनो, मी पांढरा आहे असे म्हणायचा मला आता धीर होत नाही. मी जनावरांच्या डॉक्टरबाईंचा जुना कोट आहे. खिशावर औषधाचा पिवळा डाग, उजव्या बाहीवर एका बोक्याने काढलेला ओरखडा आणि छातीवर निळ्या दोऱ्याने भरलेला एकच शब्द, 'डॉक्टर'.

शिंप्याने तेव्हा विचारले होते, "ताई, खाली नाव काय घालू?"

नुकत्याच पास झालेल्या बाई म्हणाल्या, "नाव कशाला? एवढंच पुरे. याच्यासाठीच तर इतकी वर्षं अभ्यास केलाय!"

तेव्हापासून माझी कॉलर जी ताठ झाली ती झालीच.

आमच्या दवाखान्याची एक गंमत सांगतो. तिथे माणसांना नाव नसते. कागद जनावराच्या नावाचा, म्हणून "मोत्याचे बाबा, आत या" अशी हाक. आणि रोग्याला बोलता येत नाही, म्हणून सगळे प्रश्न त्याच्या डोक्यावरून मालकाला. "कधीपासून खात नाही? पाणी पितो का?" बाईंच्या हे अगदी अंगवळणी पडले होते.

बाई मला घरीही घालून जात. वाटेत कोणी गाठले तर? आणि लोक गाठतच. भाजी घेताना, जिन्यात, कुठेही. घरी रोग्यांच्या मालकांचे फोन घेत घेतच जेवण व्हायचे. सासूबाईसुद्धा सुनेला 'डॉक्टर' म्हणू लागल्या. मी तर हुरळून गेलो होतो. माझ्या आत कोणी बाई आहेत, हेच मी विसरलो.

मग एका रखवालदाराचा म्हातारा कुत्रा आला. बाईंनी जिवाचे रान केले, शस्त्रक्रियेत कसलीही चूक झाली नाही, तरी तो गेला. रखवालदारच डोळे पुसत म्हणाला, "बाई, तुम्ही काही कमी केलं नाहीत." पण बाईंच्या मनाला ते पटेना. तीन दिवस त्या घरी मला घालूनच खुर्चीत बसल्या. "मी कसली डॉक्टर?" त्या नवऱ्याला म्हणाल्या, "आणि डॉक्टर नाही, तर मग मी कोण?" मला फार वाईट वाटले, कारण माझ्याकडे तर तो एकच शब्द होता.

चौथ्या दिवशी त्यांच्या आठ वर्षांच्या मुलीला ताप आला. बाई तिच्या पलंगाशी गेल्या. आधी पापणी ओढून पाहिली, मग ओठ वर करून हिरड्या पाहिल्या आणि तिच्या डोक्यावरून नवऱ्याला विचारले, "ही कधीपासून खात नाहीये?"

"सकाळपास्‌..." नवरा सांगू लागला.

"आई, मला विचार ना!" मुलगी रडवेली झाली. "मला बोलता येतं!"

नवऱ्याला हसू फुटले. बाईही हसल्या आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. "चुकलं गं माझं. सांग बाळा, काय होतंय?"

"आधी तो कोट काढ. त्याला कुत्र्याचा वास येतो. मग कुशीत घे."

बाईंनी मला काढले खरे, पण ठेवायचे कुठे? इतक्या वर्षांत त्या घरात मला कधी खुंटीच लागली नव्हती! मी जमिनीवर पडलो. तिथून मी पहिल्यांदाच बाईंना नीट पाहिले. त्यांनी पिवळा सदरा घातला होता आणि त्या लेकीला छान थोपटत होत्या.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी दवाखान्याच्या दाराआड खुंटी ठोकून घेतली. पहिल्या संध्याकाळी मला टाकल्यासारखे वाटले, खोटे कशाला बोलू? आता सवय झाली. अजूनही एखादे जनावर हातचे जाते. त्या दिवशी बाई मला टांगून क्षणभर माझ्या बाहीवर हात ठेवतात आणि मग घरी जातात. कोणी उशिरा आले तर कंपाउंडर म्हणतो, "डॉक्टर खुंटीवर आहेत, बाई घरी गेल्या. पलीकडच्या गल्लीतल्या दवाखान्यात जा, तिथले डॉक्टर बघतील."

मित्रांनो, जुन्या वस्तू तुम्हाला नेहमी विनवतात की आम्हाला बाजूला टाकू नका. माझी विनंती उलटी आहे. मोठेपणी तुमच्याही अंगावर कसला ना कसला कोट चढेल. तो हौसेने घाला, धुऊन स्वच्छ ठेवा, पण आधी त्याच्यासाठी खुंटी ठोका. शिंप्याने माझ्यावर नाव भरले नाही, ते बरेच झाले. नाव बाईंचे आहे. ते त्या रोज घरी घेऊन जातात.