फरगाण्याची सोयरीक

नेरमधल्या आमच्या घरी सकाळचा उजेड थेट येत नाही. पूर्वेला जब्बारचाचांची बेकरी आहे. उजेड आधी तिच्या धुराड्यावर टेकतो, धुरात थोडा वेळ राखाडी होतो, मग पत्र्यांवरून घसरत आमच्या अंगणातल्या पऱ्हाट्यांच्या ढिगावर येतो. तिथे तो रेंगाळतो. कापूस वेचून झालेली ती वाळकी झाडे. बोंडांच्या रिकाम्या कवचांत कुठे एखादा पांढरा धागा राहिलेला. उजेड जणू तेवढ्या धाग्यांसाठीच थांबतो. नंतर दोरीवरचे आईचे ओले लुगडे, रांजणाचा काठ, उंबरठा. खोलीत शिरेपर्यंत तो पार अरुंद झालेला असतो. भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीची चौकट तेवढी उजळते, आणि पुष्कळ वेळाने माझ्या टेबलाचा डावा कोपरा. पाण्याच्या पेल्यावर आला की छतावर एक लहानसे वर्तुळ थरथरू लागते. मुद्दाम पाहावे असे त्यात काही नाही. तरी त्या शुक्रवारी मी तो पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिला, कारण टेबलावर उघड्या असलेल्या वहीकडे मला पाहायचे नव्हते.

वहीत बावीस प्रश्न होते. उझबेकिस्तानातल्या फरगाणा शहरातल्या एका खासगी भाषाशाळेने मला वर्षभर इंग्रजी शिकवायला बोलावले होते. इथल्या शिकवणी वर्गात मी चार वर्षे तेच करतो. अर्ज केला तेव्हा उत्तर येईल असे वाटले नव्हते. उत्तर आले, मुलाखत झाली, आणि व्हिडिओवर तिथल्या आठ मुलांना तासभर शिकवूनही झाले. ‘त्या तासात तू लाजला नाहीस,’ असे आईने नंतर दारातूनच सांगितले. मग संचालिका दिलोरमबाईंनी करार पाठवला. शुक्रवारी दुपारी बारापर्यंत होकार हवा होता, नाहीतर बाई दुसऱ्या उमेदवाराला बोलावणार होत्या.

परदेशी नोकरीच्या नावाखाली फसलेल्या मुलांच्या बातम्या मी वाचल्या होत्या, म्हणून तपासायला बसलो. कामाचा परवाना कोण काढणार? पासपोर्ट कुणाजवळ राहील? मधेच परतावे लागले तर? दिलोरमबाईंनी प्रत्येक उत्तर त्याच दिवशी दिले. नोंदणीचा कागद पाठवला. तिथल्या सरकारी संकेतस्थळावर त्याचा क्रमांक जुळला. तिथे शिकवणाऱ्या केरळच्या एका शिक्षिकेचा नंबर दिला. ती म्हणाली, निःशंक या. पण शाळेनेच दिलेला नंबर शाळेची स्तुतीच करणार, असे मी स्वतःला बजावले आणि तेविसावा प्रश्न शोधू लागलो.

“काहून बे, तोंड असं उतरलं?” बाबा दारात उभे होते.

माझे वडील बळीराम एस.टी.त वाहक होते. दारव्हा, दिग्रस या मार्गावर त्यांची उभी नोकरी झाली. त्या बाजूच्या गावात कुणाला मुलगी द्यायची असली की लोक आधी बाबांना गाठत. बाबा फेरीवर असताना त्या गावच्या थांब्यावर चहा घेत आणि चौकशी करून आणत. कित्येक लग्ने त्यांच्या शब्दावर जुळली. जी त्यांनी मोडली, त्या मुलींचे वडील अजूनही बाबा दिसले की चहा पाजल्याशिवाय सोडत नाहीत.

“शाळा चांगली आहे असं सगळे म्हणतात, बाबा. पण म्हणणारे सगळे शाळेचेच.”

“म्हंजे तू पोरीच्या बापालेच पुसून राह्यला, पोरगी कशी आहे म्हनून!” बाबा खाटेवर बसले. “आपण येऊन राह्यलो म्हनून ते घर सारवून ठेवतात. शेजाऱ्याले कोन सारवते? शाळेच्या बाजूले काय आहे, पाह्य बरं.”

फोनवरच्या नकाशात त्या रस्त्याचे छायाचित्र होते. शाळेच्या भिंतीला लागूनच एक दुकान, दारात गोल रोट्यांच्या चळती, वर पाटी आणि पाटीवर फोन नंबर.

“नानचं दुकान आहे. भट्टीचं.”

बाबा तडक अंगणात गेले आणि भिंतीवरून ओरडले, “जब्बारभाऊ! या बरं इकडं. तुमच्या धंद्याचं मानूस सापडलं.”

जब्बारचाचा पिठाचे हात घेऊनच आले. सगळे ऐकून त्यांनी विचारले, “हे फरगाणा दिग्रसच्या पुढं का?”

“खूप पुढं, चाचा.”

“मंग लाव ना फोन.”

अनोळखी माणसाला फोन लावायचे मी नेहमी टाळतो. बोट नंबरावर तसेच राहिले. चाचांनी फोन काढून घेतला. “दे इकडं. शादी बी तुझीच, अन् घुंगट बी तुलेच!”

त्यांनी थेट व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर डोक्याला रुमाल बांधलेली एक वृद्ध बाई आली. तिथली घड्याळे आपल्यापेक्षा अर्धाच तास मागे आहेत. तिच्या मागच्या भिंतीवरही उजेडाची तशीच अरुंद पट्टी नुकती पोचली होती. चाचांनी सलाम केला, “हम भी नानवाले!” म्हणत दारात जाऊन फोन उंच धरून आपले धुराडे दाखवले. बाईने हसून मधोमध फुलाची नक्षी उमटवलेली रोटी पडद्याजवळ धरली, आणि मग आत कुणाला तरी हाक मारली. तिची सून आली. ती त्याच शाळेत दोन वर्षे इंग्रजी शिकली होती.

बाबा विचारत, मी इंग्रजीत सांगे, ती सासूला विचारून उत्तर देई.

“आधीचा मास्तर काहून गेला, हे पूस.”

त्याचे वडील आजारी पडले होते. दिलोरमबाईंनी स्वतः गाडीने त्याला विमानतळावर सोडले.

“पगार टायमावर भेटते का?”

सासूने उत्तर दिले, “वक्तिदा.” मी सुनेकडे पाहिले, पण चाचांनी आधीच मान डोलावली होती. “वक्त पे, म्हणते.”

“मालकीण कशी आहे? चिल्लावते का?”

बोलते फार, असे उत्तर आले. पण शिक्षकांवर ओरडताना कधी ऐकले नाही, आणि मधली भिंत पातळ आहे.

“आता खोट सांग म्हना. बिनखोटीचं घर मी आजपावतो पाह्यलं नाही.”

सासू-सुना आपसांत बराच वेळ बोलल्या. शिक्षकांची खोली तिसऱ्या मजल्यावर आहे आणि तिथला हीटर नावापुरता. जानेवारीत आधीचा मास्तर वह्या तपासायला यांच्या भट्टीजवळ येऊन बसे. सांगताना सून एका शब्दावर अडली, थांबली, न लाजता स्वतःच सुधारून पुढे गेली. ते ऐकताना माझ्या आत काहीतरी निवळले. चुकून पुढे जाण्याची ती सवय कुणीतरी फार धीराने लावावी लागते. चार वर्षे मी नेरच्या मुलांना तीच लावू पाहतो आहे.

मग तिनेच विचारले, आमच्याकडे लग्न ठरवायचे आहे का? बाबांची पद्धत मी सांगितली तेव्हा ती खळखळून हसली. त्यांच्याकडेही असेच पाहतात. तिच्या आईने या घराबद्दल समोरच्या शिंप्याला विचारले होते.

“काय म्हनला शिंपी?” चाचांना राहवले नाही.

तिने सासूकडे एकदा पाहिले. “रोटी चांगली करते, म्हणाला. बाकी काही बोलला नाही.”

फोन ठेवल्यावर बाबा मांडीवर थाप मारून उठले. “सोयरीक चांगली आहे. खोट इचारली तं खोट सांगितली, म्हंजे मानसं खरे.”

“अन् बेटा,” चाचा जाता जाता म्हणाले, “ते फुलवालं नान शिकून ये. टोस्टले लोक कटाळले.”

दोघे अंगणात गेले. उजेड आता टेबलभर पसरला होता. मी पेन घेतले आणि वहीत लिहिले: ‘तेवीस. हीटर दुरुस्त करतील का?’ त्याखाली ‘चोवीस’ लिहिले आणि तसाच बसून राहिलो.

आई केव्हा आली ते कळले नाही. तिने त्या पानावर एक तपकिरी कानटोपी ठेवली. लोकरीला दुकानाची चिठ्ठी अजून तशीच होती.

“कधी आणलीस?”

“तू त्या लेकरायले फोनवर शिकवलं ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी.”

“तेव्हा तर काही ठरलं नव्हतं, आई.”

“तुह्यं नव्हतं ठरलं,” ती म्हणाली, आणि दोरीवरचे लुगडे काढायला निघून गेली.

टोपी मी डोक्यात घालून पाहिली. कानांवर ती नेमकी बसली, आणि अंगणातले बाबांचे हसणे दुरून आल्यासारखे ऐकू येऊ लागले. ती तशीच ठेवून मी करारावर सही केली, दिलोरमबाईंना होकार पाठवला. बाराला वीस मिनिटे होती. मग वही बंद केली.

शाळा चांगली आहे, हे मला करार आला त्याच दिवशी कळले होते. मी घाबरलो होतो.